रेडिओचा मालक कोण, त्यावर कार्यक्रम ठरतो : आकाशवाणी, खासगी एफएम आणि गावची वाहिनी

गोठ्यात धारा काढताना लावलेला रेडिओ आणि जीपमध्ये ड्रायव्हरने लावलेला रेडिओ, यंत्र तेच. पण आतून काय वाजणार हे स्टेशन कोणाच्या मालकीचं आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे हे मालक तीन तऱ्हेचे आहेत. सरकार, कंपनी आणि संस्था.

सरकारी म्हणजे आकाशवाणी. १९९७ पासून तिचा कारभार प्रसार भारतीकडे आहे. इथं वेळापत्रक पक्कं. बातम्या, भक्तिगीतं, शेतीचा कार्यक्रम, नाट्य, भाषण, ज्याची त्याची वेळ ठरलेली. जाहिरातदार मिळतो का हे बघून कार्यक्रम आखायची सक्ती नसल्यानं काही गोष्टी इथंच होऊ शकल्या. पुणे केंद्रानं १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक नवीन गाणं या हिशेबानं ‘गीतरामायण’ची ५६ गाणी दिली. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. एवढा धीर कंपनीचा मालक धरेल असं वाटत नाही. शेतीचंही तसंच. १९६६ पासून आकाशवाणीत शेती आणि घर यासाठी वेगळे विभाग सुरू झाले, २००४ मध्ये ‘किसानवाणी’ आली.

पण सरकारी मालकाचा हट्टही श्रोत्यांनी भोगलाय. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवर ती जवळपास बंदच झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथं अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ होती, टूथपेस्टच्या कंपनीच्या पैशावर चालणारी. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरपासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. श्रोता पळाला की सरकारी मालकही शिकतो, फक्त उशिरा.

खासगी एफएम २००१ पासून. लिलावात शहराची फ्रिक्वेन्सी घ्यायची, लायसन्स फी भरायची, मग ती जाहिरातीतून काढायची. मालक बहुतेक वर्तमानपत्रवाले किंवा टीव्हीवाले. मिर्ची टाइम्सची, रेडिओ सिटी जागरणची, माय एफएम भास्करची, कोल्हापूरची टोमॅटो ‘पुढारी’ची. शैली साधारण एकच. चालतीबोलती गाणी पुन्हा पुन्हा, मध्ये आरजेची बडबड, मग सोनार, बिल्डर आणि क्लासच्या जाहिराती. ऐकायला मजा येते हे नाकारता येत नाही, आणि आरजेची भाषा तरुण पोरांना आपली वाटते. स्वतःच्या बातम्या द्यायची मात्र परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं. वीज-पाण्याच्या सूचना, हवामान, नैसर्गिक आपत्ती, परीक्षांचे निकाल हे बातमीत धरत नाहीत, म्हणजे ते सांगायला आडकाठी नाही. तरी शहरातल्या चौकातली गर्दी सांगितली जाते आणि तालुक्यातल्या फिडरची लाईट कधी येणार हे राहून जातं. जाहिरात शहरातून येते, एवढंच त्याचं कारण.

तिसरा मालक संस्था. २००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला हा परवाना मिळत नाही. ताकद १०० वॅट, म्हणजे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. निदान निम्मे कार्यक्रम तिथंच तयार झालेले पाहिजेत. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग, जतच्या जालिहाळला येरळावाणी, बारामतीत वसुंधरा वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही आपल्या भागातली नावं. इथं बोलणारी बाई श्रोत्यांच्याच गल्लीतली असते. ओवी म्हणणारी म्हातारी, बचत गटाची अध्यक्षा, गजीनृत्याचा ढोलवाला यांना ऑडिशन द्यावी लागत नाही. आवाज कधी खरखरतो, माणूस मध्येच अडखळतो, पण शेळीला काय झालं हे आपल्या बोलीत कळतं. अर्थात संस्थेचा विषय महिला बचतीचा असेल तर बचतीचंच जास्त ऐकायला मिळतं, कॉलेजची वाहिनी असेल तर अभ्यासक्रमाचं. बातमीचं बंधन यांनाही आहेच. दुष्काळी तालुक्यातल्या रेडिओनं टँकरच्या घोटाळ्याची स्वतःची बातमी द्यायची नाही, हे काही पटत नाही.

आता प्रश्न टिकण्याचा. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय निघाला होता. ओरड झाली तेव्हा स्थगिती मिळाली. सामुदायिक वाहिन्यांना फेब्रुवारी २०२४ च्या धोरणात तासाला ७ ऐवजी १२ मिनिटं जाहिरातीची मुभा मिळाली, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटं म्हणजे १० सेकंदाच्या ७२ जाहिराती. सगळ्या सरकारी दरानं भरल्या तर तासाला ५,३२८ रुपये होतात. पण तासाला ७२ जाहिराती आणायच्या कुठून? म्हसवड-जतच्या बाजारपेठेत खत दुकानदार, कापडवाला आणि ट्रॅक्टरचा डीलर एवढेच गिऱ्हाईक, आणि पाऊस लांबला की तेही हात आखडता घेतात.