पवनार

पवनार : महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे ऐतिहासिक गाव. वर्ध्याच्या ईशान्येस सु. ८ किमी., नागपूर मार्गावर. सिंदी (मेघे), नालवाडी ही गावे वर्धा शहराला लागून वाढली. पवनारचे गावपण मात्र टिकून आहे. धाम पुढे वणा नदीस व वणा वर्धेस मिळते.

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन (पाचवे शतक) याने नंदिवर्धन सोडून वसविलेली प्रवरपूर ही राजधानी म्हणजे पवनार, असे वा. वि. मिराशी यांचे मत. मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासक प्रवरपूर तेथे मानतात. तथापि पवनारला सापडलेली शिल्पे मिराशींच्या बाजूने बोलतात : त्यांत रामकथेतील प्रसंग असून प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता रामगिरिस्वामीची (रामाची) भक्त होती, आणि रामकथेवरील ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य प्रवरसेनाच्याच नावावर आहे. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये येथे उत्खनन केले. वस्ती सातवाहनांच्याही आधीची ठरली. पवन राजाकडे परीस होता व तो साऱ्याऐवजी लोखंडी फाळ घेई, अशी दंतकथा सांगतात. मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठिकाण होते. पालकवाडीच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर उभे राहिले, तोवर ते वैभव ओसरले होते.

विनोबा भावे १९३८ मध्ये नालवाडीहून येथे, जमनालाल बजाज यांच्या टेकडीवरील बंगल्यात राहावयास आले. तोच परंधाम आश्रम. शेत खणताना त्यांना भरत-रामभेटीचे शिल्प मिळाले. ते आश्रमात स्थापिले असून पवनारची ओळख सांगणारे याहून समर्पक चिन्ह दुसरे नाही. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धविरोधी भाषण केले, ते येथेच. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये धाम नदीत विसर्जित झाला; तेथे स्मारक आहे. स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. भूदान पदयात्रेनंतर विनोबा १९७० मध्ये येथे परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी प्रायोपवेशनाने त्यांनी येथेच देह ठेवला.

शेती हा मुख्य व्यवसाय. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके. समृद्धी महामार्गाचा येळाकेळी येथील फाटा (२०२२) जवळ आहे.