उन्हाळा, वीजटंचाई आणि भारनियमनाचे वेळापत्रक : महाराष्ट्र, २००५ ते २०१२

महाराष्ट्रातील वीजटंचाईचा इतिहास बहुधा निर्मितीच्या आकड्यांतून सांगितला जातो. २००१ च्या मे महिन्यात दाभोळ प्रकल्पाची वीज बंद झाली, त्यानंतर काही वर्षे निर्मितीक्षमतेत फारशी भर पडली नाही, मागणी मात्र वाढतच राहिली. परिणामी २००५ पासून राज्यावर भारनियमनाचे सावट पसरले, अशी ही मांडणी असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. तूट किती होती हे तीवरून समजते. ती कोणाच्या वाट्याला, कोणत्या प्रहरी आणि कोणत्या नियमाने आली, हे समजत नाही. वृत्तपत्रांच्या स्थानिक पुरवण्यांतून छापली जाणारी भारनियमनाची वेळापत्रके आपण वाचून टाकून दिली. वस्तुतः ती त्या काळाची महत्त्वाची ऐतिहासिक साधने आहेत. तुटीच्या वाटपाचा नियम कसा घडला आणि त्यात उन्हाळ्याला कोणते स्थान मिळाले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम उन्हाळ्याचा विचार करू. एप्रिल-मे महिन्यांत विजेची मागणी वाढते, हे सर्वज्ञात आहे. त्याच महिन्यांत पुरवठ्याची बाजूही दुबळी होते, याकडे मात्र कमी लक्ष दिले गेले. कोयनेचे उदाहरण बोलके आहे. १९९९ मध्ये चौथा टप्पा कार्यान्वित होऊ लागल्यानंतर कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट झाली. मागणी शिगेला पोहोचते तेव्हा काही मिनिटांत संच सुरू करता यावेत, हे या टप्प्याचे मुख्य प्रयोजन होते. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे, आणि हे जलवर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपते. म्हणजे वर्षातील सर्वांत तप्त दिवस हे पाण्याच्या हिशेबवहीतील शेवटचे दिवस. हिवाळ्यात हात सैल सोडला की मे महिन्यात संच सज्ज असूनही पाणी मोजून-मापून सोडावे लागते.

औष्णिक केंद्रांचीही कथा निराळी नाही. कोळसा हे त्यांचे अन्न, पण पाण्यावाचून तीही चालत नाहीत. इरई धरणातील साठा घटल्याने २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातील काही संच बंद ठेवावे लागले. परळीचे केंद्र तर २०१३ च्या फेब्रुवारीत, उन्हाळा पुरता सुरू होण्यापूर्वीच, पाण्याअभावी थांबले. शिवाय हवा तापली की वाहिन्यांची वहनक्षमता घटते आणि रोहित्रांतील तेल थंड होण्यास अवधी मिळत नाही. त्यामुळे उन्हाळ्यातील वीज खंडित होण्याची प्रत्येक घटना भारनियमन नव्हती. कित्येकदा गल्लीतील जळालेले रोहित्रच तिला कारण असे. ग्राहकाच्या दृष्टीने दोहोंत फरक नव्हता, इतिहासलेखकाने मात्र तो करावयास हवा.

भारनियमन हा अपघात नव्हता. तो निर्णय होता. विजेच्या जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते; मागणी पुरवठ्याहून अधिक झाली की ती घसरते, आणि वेळीच भार कमी न केल्यास संपूर्ण जाळे कोसळण्याचा धोका असतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारताने तो अनुभवला. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. तिच्यामुळे वारंवारिता घसरलेली असताना ठरल्याहून जास्त वीज उचलणे फार महाग पडू लागले. तेव्हापासून कोठे अंधार करायचा, या प्रश्नाला तांत्रिक बाजूइतकीच आर्थिक बाजूही आली.

६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. कंपनी म्हटली की गळती व वसुलीचा हिशेब आलाच. वीज नियामक आयोगाच्या देखरेखीखाली विभागांची वर्गवारी झाली : जेथे वितरणहानी कमी व वसुली चांगली, तेथे कपात कमी, जेथे चोरी व थकबाकी अधिक, तेथे कपात अधिक. शहरांना ग्रामीण भागापेक्षा कमी तास, हेही त्याच चौकटीत आले. खेड्यांत दिवसाकाठी बारा-बारा तास वीज नसे. मुंबई शहर व बहुतेक उपनगरे मात्र या वेळापत्रकाबाहेरच राहिली. त्यांचे परवानाधारक वेगळे होते आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रांचा वारसा १९१५ च्या खोपोलीपर्यंत मागे जाणारा होता. पुण्याने २००६ मध्ये आणखी एक वाट काढली. उद्योगांनी तुटीच्या वेळी स्वतःचे जनित्र चालवावे, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळावी आणि वाढीव खर्च ग्राहकांनी सोसावा, अशी ती व्यवस्था होती. तिचे कौतुक झाले, ते रास्तही होते. पण ज्याची ऐपत आहे त्याला अंधारातून सुटका विकत घेता येते, हे तत्त्वही तिने रूढ केले.

या वर्गवारीमागील युक्तिवाद पोकळ नव्हता. दिवाळखोरीकडे निघालेल्या यंत्रणेला वसुलीवाचून वीज विकत घेता येणार नव्हती. तथापि तिच्यातील दोन दोष आज स्पष्ट दिसतात. पहिला असा की, शिक्षा वाहिनीला होती, व्यक्तीला नव्हती. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून नियमित देयक भरणाऱ्याच्या घरातील पंखाही थांबत होता. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे : वर्गवारीच्या मुळाशी गळती आणि वसुली होती, तापमान नव्हते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रे तेथेच आहेत. त्यांची राख आणि धगही तेथेच राहते. वाळ्याच्या ताट्यांची जागा तेथे कूलरने घेतली, आणि कूलरला वीज व पाणी दोन्ही लागतात. वीज गेली की नळपाणी योजनेचा पंपही थांबतो. अशा ठिकाणची दुपारची चार तासांची कपात आणि सह्याद्रीच्या कुशीतील गावातील चार तासांची कपात वेळापत्रकात सारखीच छापली जात असे. एप्रिल-मे महिन्यांत परीक्षा घेणाऱ्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकवर्गाला हा फरक सोदाहरण सांगण्याची गरज नाही.

खेड्यांसाठी काही प्रयोग झाले, त्यांचीही नोंद घ्यावयास हवी. अक्षय प्रकाश योजनेत गावाने संध्याकाळी थ्री फेज पंप न चालवण्याचे ठरवावे आणि बदल्यात घरात दिवे मिळवावेत, असा सामुदायिक करार होता. पुढे गावठाण व कृषिपंपांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम झाले. घरातील दिवा शेतातील पंपापासून सुटा झाला; पंपाला मात्र रात्रीची वीज मिळाली, आणि शेतकरी विंचू-सापाच्या भयात रात्रपाळी करू लागला. या सर्व योजनांचे लक्ष संध्याकाळच्या दिव्यांच्या वेळेवर होते. भर दुपारी किंवा मध्यरात्री तापलेल्या पत्र्याखाली झोपू पाहणाऱ्या कुटुंबाचा विचार त्या चौकटीत बसत नव्हता.

२०१२ च्या अखेरीस जास्त गळतीच्या वाहिन्या वगळून राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. वगळलेल्या वाहिन्यांवर राहणाऱ्यांसाठी हा इतिहास तेथे संपला नाही. एप्रिल २०२२ मध्ये उष्णतेची लाट आणि कोळशाची टंचाई एकाच वेळी आली, तेव्हा कपातीची कुऱ्हाड प्राधान्याने त्याच प्रकारच्या वाहिन्यांवर कोसळली. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली. दुपारचा बराच भार आता सौरऊर्जा उचलते. सूर्य मावळल्यानंतरही न निवणाऱ्या रात्रीचा भार पुन्हा कोळशावर आणि मे महिन्यातील उरल्यासुरल्या पाण्यावर येतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा केला, नागपूरने २०१६ मध्ये त्याचे अनुकरण केले. हा आराखडा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात तयार होतो. कोणत्या वाहिनीवर किती वाजता वीज बंद ठेवायची, हे वितरण कंपनीच्या कार्यालयात ठरते.