अक्कलदाढ आणि भुलीची कथा

आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी दाढदुखीने रात्रभर जागवले असेल. त्यातही अक्कलदाढ दुखू लागली म्हणजे माणसाला ना जेवण सुचत, ना बोलणे. गेल्या वर्षी माझ्यावर तो प्रसंग आला. सेहेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ त्रास देऊ लागली, तेव्हा कॉलेजातील स्नेही म्हणाले, "अहो, प्राध्यापकाला अक्कल जरा उशिराच यायची!" मी लवंगेचे तेल लावले, मिठाच्या गुळण्या केल्या. चौथ्या दिवशी तोंड दोन बोटेसुद्धा उघडेना, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो.

क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसले ते असे : खालची डावी दाढ हाडात आडवी रुतून बसलेली आणि तिची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या अगदी जवळ. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरू द्या, मग काढू. पण कशी काढायची, ते ठरवा. जागेपुरती भूल देऊन, की पूर्ण भूल देऊन?" मी म्हणालो, "मला काही कळायलाच नको. सरळ झोपवा." ते हसून म्हणाले, "इतिहास शिकवता ना सर? मग आठ दिवस विचार करा."

त्या आठ दिवसांत मी जे वाचले, तेच आज आपल्याला सांगतो. दवाखान्यात दोन वाक्यांत विचारला जाणारा हा प्रश्न विचारता यावा, म्हणून माणसांनी केवढी किंमत मोजली आहे, हे कळले की निर्णय घेणे सोपे जाते.

हे दुखणे काही आजचे नव्हे. सुश्रुतसंहितेत 'अधिमांस' नावाचा विकार सांगितला आहे. जबड्याच्या शेवटच्या दाढेशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे, ही त्याची लक्षणे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडी सुजते, तेव्हा नेमके हेच होते. त्याच ग्रंथात वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, कारण रक्तस्राव होऊन भयंकर विकार जडतात, असा इशाराही आहे. त्यातली सगळी भीती आजचे शास्त्र मानत नाही. पण दात काढण्यापूर्वी थांबून विचार करावा, ही सावधगिरी किती जुनी आहे ते यावरून दिसते.

पुढे शेकडो वर्षे दात काढणे म्हणजे दोघांनी माणसाला धरायचे आणि तिसऱ्याने ओढायचे, असाच प्रकार जगभर चालू होता. तो बदलला अमेरिकेतील हार्टफर्ड या गावात. १० डिसेंबर १८४४ रोजी तेथे कोल्टन नावाच्या गृहस्थाने 'हसवणाऱ्या वायू'चा, म्हणजे नायट्रस ऑक्साईडचा खेळ लावला होता. लोकांनी वायू हुंगायचा, नाचायचे, हसायचे, बाकीच्यांनी पाहायचे. सॅम्युएल कूली नावाचा तरुण त्या धुंदीत बाकावर आपटला. पाय सोलून रक्त आले, पण त्याला पत्ताच नाही! प्रेक्षकांत होरेस वेल्स हा एकोणतीस वर्षांचा दंतवैद्य बसला होता. इतर लोक हसत होते तेव्हा त्याने विचार केला. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावून स्वतः वायू घेतला आणि सहकारी रिग्ज याच्याकडून आपली दाढ काढवून घेतली. ती अक्कलदाढ होती, असे अनेक वृत्तान्तांत म्हटले आहे. वेल्सला जवळजवळ काहीच दुखले नाही. प्रयोग त्याने प्रथम स्वतःच्या तोंडावर केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे बरं का.

जानेवारी १८४५ मध्ये वेल्सने बोस्टनला विद्यार्थ्यांपुढे प्रयोग केला. वायूची पिशवी थोडी लवकर बाजूला घेतली गेली, रोगी ओरडला आणि 'लबाडी, लबाडी' असा गलका झाला. वेल्स खचला. पुढच्याच वर्षी त्याचा जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने ईथर वापरून दात काढला आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात ईथरच्या भुलीखाली शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. काही महिन्यांत, १८४७ साली, ईथर कलकत्त्यालाही पोचले. त्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला.

आता विजयाची दुसरी बाजू पाहा. वेल्स स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करीत राहिला. त्याच्या मनाचा तोल गेला आणि २४ जानेवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीवन संपवले. त्यानंतर चारच दिवसांनी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच मरण पावली. शस्त्रक्रिया कसली, तर पायाच्या अंगठ्याचे नख काढायचे होते! दुखणे लहान आणि भूल मोठी, असा तो व्यवहार जिवावर बेतला.

क्लोरोफॉर्मने माणसे का दगावतात, हा वाद पुढे आपल्या अगदी जवळ, हैदराबादला लढवला गेला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली डॉ. लॉरी यांच्या पुढाकाराने दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. 'श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको' असा त्यांचा निष्कर्ष होता. श्वासाचा धडा खरा होता. पण क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले. आज पूर्ण भूल देताना श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू या साऱ्यांवर यंत्रे आणि भूलतज्ज्ञ सतत लक्ष ठेवतात. म्हणून ती पूर्वीपेक्षा कितीतरी निर्धोक झाली आहे. क्लोरोफॉर्म तर केव्हाच मागे पडले.

दुसरी वाट निघाली १८८४ साली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी फक्त डोळा बधिर करून दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड याने खालच्या जबड्याच्या नसेजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर केला. माणूस जागा, पण दाढ मुकी! मात्र स्वतःवर प्रयोग करता करता हॅल्स्टेडला कोकेनचे व्यसन जडले. पुढे १९०५ साली नोव्होकेन आणि १९४० नंतरच्या दशकात स्वीडनमधून लिग्नोकेन आले. ही औषधे कोकेनसारखी व्यसन लावीत नाहीत. आज आपल्या तालुक्याच्या गावी दात काढताना दिले जाणारे इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचेच असते, आणि जबड्यात सुई देण्याची जागा हॅल्स्टेडच्या काळापासून फारशी बदललेली नाही.

हे सगळे वाचल्यावर मी डॉक्टरांकडे तीन प्रश्न घेऊन गेलो. आपणही तेच विचारावेत.

पहिला, दाढ काढणे खरोखर जरूर आहे का? रुतलेली म्हणून प्रत्येक दाढ काढायची नसते. ब्रिटनमध्ये २००० सालच्या सरकारी मार्गदर्शनाने निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नयेत असे सांगितले. पण पुन्हा पुन्हा सूज येत असेल, पू होत असेल किंवा शेजारची दाढ किडत असेल, तर टाळाटाळ नको.

दुसरा, ती कोणी काढावी? सरळ उगवलेली दाढ नेहमीचे दंतवैद्य काढतात. आडवी असेल, नसेला लागून असेल, तर तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ पाहावेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत असे तज्ज्ञ आहेत. नसेला धोका फार असेल तर काही वेळा दाढेचा वरचा भागच काढून मुळे तशीच ठेवतात, हेही विचारून घ्यावे.

तिसरा, भूल कोणती? बहुतेक अक्कलदाढा, अवघडसुद्धा, जागेपुरत्या भुलीत निघतात. दाढ फार खोल असेल, चारही एकदम काढायच्या असतील किंवा भीती आवरतच नसेल, तर गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल योग्य ठरते. मात्र ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या हातून आणि सांगितलेला वेळ उपाशी राहूनच. मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, यांतले काहीही लपवू नये. आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत.

मी जागेपुरती भूल घेतली. दाढेचे तीन तुकडे करून ती काढली. पाऊण तास लागला. दाब कळत होता, खडखड ऐकू येत होती, पण वेदना नव्हती. तीन आठवडे खालचा ओठ थोडा बधिर होता, मग पूर्ववत झाला. हे होऊ शकते, क्वचित कायमचेही राहू शकते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून मी घाबरलो नाही.

आमच्या मामांचे नशीब असे नव्हते. सुईच्या भीतीने त्यांनी पंधरा दिवस अंगारा आणि शेक यांवर काढले. सूज गळ्यापर्यंत उतरली, गिळवेना, श्वास घेववेना, तेव्हा मध्यरात्री त्यांना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. जीव वाचला, पण थोडक्यात. ज्या सुईला ते भ्याले, ती घरापासून आठ मैलांवर मिळत होती.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. गावात कोणाचा गाल सुजलेला दिसला, तोंड उघडत नसले, ताप असला, तर त्याला ही वेल्सची आणि हॅल्स्टेडची गोष्ट सांगा, आणि गोष्ट संपली की त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे पाठवा.