‘जीव देणे’ आणि ‘जीव नकोसा होणे’

मरणेच्छेसंबंधी मराठीत दोन भिन्न वाक्प्रचार रूढ आहेत. ‘जीव देणे’ ही कृती होय; ‘जीव नकोसा होणे’ ही अवस्था होय. कृती एका क्षणाची असते. अवस्था मात्र वर्षानुवर्षे माणसाच्या सोबतीस राहू शकते. लोकभाषेने सहज केलेला हा भेद कायद्याने व शुश्रूषेने फार उशिरा ओळखला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खानदेशात या विषयाचा विचार करताना साने गुरुजींचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील आजारी मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच लिहून घेतली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. या मृत्यूकडे बहुधा ध्येयवादी पुरुषाची निराशा म्हणून पाहिले गेले. आज त्यांच्या मनाचे निदान करू जाणे अनुचित होईल. तथापि थोर कारण सापडले की वेदनेची विचारपूस थांबते, हा धोका येथे नोंदविला पाहिजे. इतरांची शुश्रूषा करणाऱ्यालाही शुश्रूषेची गरज असू शकते.

त्या काळचा कायदा केवळ कृती जाणत होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती. वाचलेला मनुष्य रुग्ण ठरण्यापूर्वी आरोपी ठरत असे. मारुती श्रीपती दुबळ यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला. परंतु १९९६ साली घटनापीठाने तो फिरविला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिच्या उपचारांचे कर्तव्य शासनाकडे सोपविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अद्यापि दंडनीय आहे.

कायदा बदलला, तरी ऐकण्याची रीत आपोआप बदलत नाही. जळगावच्या वैशाखातील उन्हानेही आपला ‘जीव नकोसा’ होतो; म्हणूनच हे शब्द ऐकून सोडून दिले जातात. समुपदेशकाने तेथेच थांबून ‘जीव द्यावा असे मनात येते काय?’ हे स्पष्ट विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. ज्याच्या मनात हा विचार कायमच वसतीला आहे, त्याच्या बाबतीत ‘विचार आहे काय?’ यापेक्षा ‘नेहमीपेक्षा आज काय वेगळे आहे?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त होय. प्रत्येक वेळी घाबरून रुग्णालयात धाडल्यास तो पुढे बोलण्याचेच सोडतो. मात्र बेत ठरलेला असेल, तर विलंब करता कामा नये. धोक्याची लक्षणे, मन वळविण्याचे उपाय, हाक मारण्याजोगी माणसे आणि घातक साधने दूर ठेवण्याची व्यवस्था यांची योजना रुग्णासमवेत बसून लिहावी. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशके कोणाच्या ताब्यात असावीत, हा प्रश्न या योजनेत अग्रक्रमाने यावा.

सोबत टिकविण्याचे साधन साधेही असू शकते. सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांपैकी काहींना अधूनमधून ख्यालीखुशाली विचारणारी छोटी पत्रे पाठविली; उत्तराचा आग्रह धरला नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले.

पुतणी सुधा हिला पत्रे लिहिणाऱ्या गुरुजींच्या कर्मभूमीत हा उपाय परका वाटू नये. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा उपलब्ध आहे. तिच्या जोडीला गावातील परिचित आवाजही हवा. जीव नकोसा झालेल्या माणसाला आपण कोणाला तरी हवे आहोत, याची खूण पुनःपुन्हा पटत राहिली पाहिजे.