निकालावर वेतन : एका जुन्या प्रयोगाची हकीकत

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एका उत्साही सभासदांनी अशी सूचना मांडली की, मंडळाच्या मार्गदर्शन-वर्गातील शिक्षकांचे मानधन दहावीच्या निकालावर ठरवावे. जो जितके विद्यार्थी उत्तीर्ण करील, त्यास तितके द्यावे. सूचना पुढील सभेपर्यंत तहकूब राहिली. सभेत उठून बोलण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. परंतु ही कल्पना नवी नसून दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडाने ती अमलात आणून पाहिली आहे, आणि तिचा काही अंश आपल्या मुंबई इलाख्यातही येऊन गेला आहे. ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

इंग्लंडात 1858 साली न्यूकॅसल कमिशन नेमले गेले व 1861 साली त्याचा अहवाल आला. सरकारी पैसा पुष्कळ जातो, पण गरिबांच्या मुलांस साधे वाचन-लेखन व हिशेबही नीट येत नाहीत, असा एकंदर सूर होता. तेव्हा शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो ह्यांच्याकडे होता. हिशेबी गृहस्थ! शिक्षण स्वस्त तरी होईल नाहीतर चांगले तरी होईल, अशा आशयाचे आश्वासन त्यांनी पार्लमेंटास दिले आणि 1862 साली नवे नियम जारी केले. शाळेस मुलाच्या सरासरी हजेरीबद्दल 4 शिलिंग मिळावयाचे. त्याशिवाय सहा वर्षांवरील मूल तपासनिसांपुढे वाचन, लेखन व अंकगणित ह्या तिन्ही विषयांत उतरले, तर आणखी 8 शिलिंग. एका विषयात नापास झाले की 2 शिलिंग 8 पेन्स वजा. पूर्वी शिक्षकांस सरकारातून जो स्वतंत्र भत्ता मिळे तो बंद झाला व त्यांचे वेतन शाळेच्या चालकांशी होणाऱ्या सौद्यावर येऊन पडले. चालकांची मिळकत मुलांच्या पास-नापासावर, म्हणजे शिक्षकाची चूलही त्यावरच.

स्वस्ताईचे आश्वासन मात्र खरे ठरले. सुमारे 8 लाख 13 हजार पौंडांचे अनुदान काही वर्षांतच सुमारे 6 लाख 37 हजारांवर उतरले. शाळेत काय घडले, हे मॅथ्यू आर्नल्ड ह्यांनी सांगून ठेवले आहे. हे नामांकित कवी पोटासाठी शाळा-तपासनीस होते व 1851 पासून शाळाशाळांतून हिंडत होते. त्यांची तक्रार अशी की, शाळेत यांत्रिकपणा शिरला आहे. वाचनाच्या परीक्षेचे पुस्तक ठरलेले असल्याने मुले ते वर्षभर घोकतात आणि खरे वाचता न येताही वाचनात उत्तीर्ण होतात. इतिहास, भूगोल ह्यांस पैसे नाहीत म्हणून ते विषय मागे पडले. हजेरीपटात खाडाखोड होऊ लागली. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांनाही उठवून आणीत. ही पद्धत 1890 च्या सुमारास मोडकळीस आली व त्या दशकात पुरती संपली.

आपल्याकडे जुन्या पंतोजीला धान्य, शिधा व सणावारी थोडीफार दक्षिणा मिळे. पुढे 1854 च्या खलित्याने अनुदानाची पद्धत आली, आणि मुंबई इलाख्यात 1865 च्या सुमारास खासगी शाळांच्या अनुदानास निकालाचे माप लागले. 1882 च्या हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन दिले, ते आपल्यासारख्या समाजाने अवश्य वाचावे. नांगराची मूठ धरणाऱ्या वर्गांतूनही शिक्षक तयार करावेत, ते शिकवणीत तयार झालेले असावेत, त्यांचे वेतन 12 रुपयांहून कमी नसावे आणि मोठ्या गावी 15 ते 20 रुपये असावे, असे त्यांनी मागितले. गावची टपाल-कचेरी किंवा स्टॅम्पविक्री मास्तरांकडे द्यावी, म्हणजे त्यांचे वजनही वाढेल, असेही सुचविले. पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्यास काही जादा भत्ता द्यावा, हेही जोतीरावांनी म्हटले आहे, ते आम्ही लपवीत नाही. पण तो भत्ता पोटभर पगारानंतरचा, पगाराच्या ऐवजी नव्हे. निकालावर अनुदानाची ही रीत 1904 च्या सरकारी ठरावानंतर मागे पडली.

आता स्वतःची एक गोष्ट. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा शाळेचे अनुदान यावयाचे होते. पगारपत्रकावर सही एका आकड्यापुढे करावयाची व हाती पडावयाचे निम्मे. सकाळी शिकवण्या आणि संध्याकाळी किराणा दुकानाची खतावणी लिहून आम्ही घर चालविले. मुलांच्या वह्या तशाच पडून राहत. पगार नियमित झाल्यावर दुकान सुटले, वह्या घरी येऊ लागल्या. परंतु त्यामुळे आमचे शिकवणे सुधारले काय? खरे सांगावयाचे तर फारसे नाही. इंडोनेशियात 2005 च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन जवळजवळ दुप्पट झाले. 360 शाळांतून केलेली त्याची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली : शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. वाचून आम्हांस हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या एका शाळेत ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक दरवर्षी लागे. त्यासाठी नववीतच चाळण लावीत. आपल्याच ज्ञातीतील एका विधवा बाईंच्या मुलास, ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसव’, असे सांगावे, हे बैठकीत ठरले. बैठकीत आम्ही होतो, बोललो नाही. घरी जाऊन निरोपही आम्हीच दिला. तो मुलगा परीक्षेस बसलाच नाही. फलकाच्या हिशेबात तो नापास नव्हता, कारण तो हिशेबातच नव्हता.

म्हणून बक्षीस नकोच, असे मात्र म्हणता येत नाही. आंध्र प्रदेशात 2005 पासून खेड्यांतील सरकारी प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. तेथे पास-नापास न पाहता, वर्षारंभीच्या परीक्षेपेक्षा मुलांचे गुण किती वाढले ते पाहिले, आणि परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली. पगार तसाच ठेवून वर लहानसे बक्षीस दिले. सरासरीने ते वर्षाच्या वेतनाच्या शेकडा 3 इतकेच होते. दोन वर्षांत त्या शाळांची मुले इतर शाळांच्या मुलांपेक्षा गणितात व भाषेत पुढे गेली, आणि ज्या विषयांस बक्षीस नव्हते त्यांतही मागे पडली नाहीत. शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही म्हणे! परंतु जे हजर राहिले त्यांनी जादा तास घेतले, गृहपाठ दिला.

तेव्हा पुढील सभेत आमची उपसूचना अशी राहील : वर्गाच्या शिक्षकांचे मानधन ठरलेले असावे व ते दरमहा 5 तारखेच्या आत मिळावे. जूनमध्ये प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी, फेब्रुवारीत पुन्हा घ्यावी, आणि दोहोंतील वाढ पाहूनच बक्षिसाचा विचार व्हावा. कोणाही मुलाचे नाव मध्येच पटावरून काढू नये. काढल्यास त्याची वाढ शून्य धरावी. गणित व मराठीचे पेपर काढण्यास आम्ही तयार आहोत. इंग्रजीसाठी कोणी सभासद पुढे आल्यास त्यांनी मेअखेरपर्यंत चिटणिसांकडे नाव द्यावे.