कन्स्ट्रक्टरमध्ये काय असावे? ऑकलंड-पुणे घड्याळाचे उदाहरण

वेबपृष्ठावर वारंवार लागणारा एखादा भाग स्वतंत्र घटक म्हणून लिहिण्याची सोय आधुनिक ब्राउझरमध्ये आहे. या घटकास ‘वेब कॉम्पोनंट’ म्हणतात. तो जावास्क्रिप्टमधील क्लासच्या रूपात लिहिला जातो. क्लासपासून प्रत्येक नवे ऑब्जेक्ट घडताना जी मेथड आपोआप, एकदाच चालते, ती कन्स्ट्रक्टर होय.

ऑकलंड आणि पुणे येथील वेळ शेजारी-शेजारी दाखवणारे घड्याळ हे त्याचे सोपे उदाहरण. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तीन कामे पुरेशी आहेत. पहिले, ‘सुपर’ला हाक देणे, मूळ क्लासची उभारणी झाल्याविना ‘धिस’ वापरता येत नाही. दुसरे, प्रारंभिक मूल्ये ठरवणे. तिसरे, घटकाची अंतर्गत रचना बाहेरच्या पृष्ठापासून अलग ठेवणारा ‘शॅडो रूट’ जोडणे.

शहराचे नाव टॅगमधील अ‍ॅट्रिब्यूटमधून घ्यायचे असल्यास ते मात्र येथे वाचू नये. क्लासची नोंदणी आधीच झालेली असेल, तर कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा अ‍ॅट्रिब्यूट अद्याप जोडलेली नसतात. पृष्ठ आधी उमटले आणि नोंदणी मागाहून झाली, तर ती उपलब्ध असतात. त्यामुळे तोच कोड कधी चालतो, कधी फसतो, आणि दोष चाचणीत निसटतो. अ‍ॅट्रिब्यूटचे वाचन ‘कनेक्टेडकॉलबॅक’मध्ये करावे. दर सेकंदाचा टायमरही तेथेच सुरू करून ‘डिस्कनेक्टेडकॉलबॅक’मध्ये थांबवावा, अन्यथा घड्याळ पृष्ठावरून काढले तरी टायमर चालूच राहतो.

प्रारंभिक मूल्य कोणते निवडावे, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पूर्ववत होतात. भारतात असा बदल नाही. परिणामी दोन्ही देशांतील अंतर हिवाळ्यात साडेसहा, तर उन्हाळ्यात साडेसात तासांचे असते. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘साडेसहा’ हा आकडा कायमचा लिहिला, तर जानेवारीत ऑकलंडला दुपारचा १ वाजला असता घड्याळ पुण्यात सकाळचे ६.३० दाखवील. प्रत्यक्षात तिथे पहाटेचे ५.३० असतील आणि त्या भरवशावर केलेला फोन आई-वडिलांची झोप मोडील.

म्हणून तासांच्या फरकाऐवजी ‘पॅसिफिक/ऑकलंड’ आणि ‘एशिया/कोलकाता’ ही कालक्षेत्रांची नावे प्रारंभिक मूल्ये म्हणून ठेवावीत. ब्राउझरमधील ‘इंटल’ ही सुविधा त्या नावांवरून प्रत्येक तारखेची अचूक वेळ काढते. न्यूझीलंडच्याच चॅटहॅम बेटांवर घड्याळ ४५ मिनिटे पुढे असते. तेथील वाचकासाठी केवळ ‘पॅसिफिक/चॅटहॅम’ हे नाव दिले की पुरते, क्लासला हात लावावा लागत नाही.

थोडक्यात, घटक जन्मतः जसा असावा तेवढेच कन्स्ट्रक्टरने ठरवावे. पृष्ठावर आणि काळावर अवलंबून असलेले सारे त्याने पुढच्या मेथडींवर सोपवावे.