विकत घेतलेल्या गाण्याचें कुलूप

संगीताला कुलूप घालण्याची चाल अलीकडची नव्हे. रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडी संस्थानांतले. हें संस्थान १९४८ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत सामील झालें. १९८१ पासून तो मुलूख सिंधुदुर्गांत मोडतो. विद्येसाठीं घर सोडून बुवा उत्तरेकडे गेले, तेव्हां दुर्मीळ चिजा उस्तादांच्या कंठांत बंदिस्त असत. सेवा करावी, वर्षें घालवावीं, आणि उस्तादांची मर्जी होईल तेव्हां एखादी अस्ताई पदरांत पडावी, असा तो काळ होता. इतक्या कष्टानें मिळविलेल्या चिजा बुवांनीं पुढें ‘संगीतकलाप्रकाश’ या ग्रंथांत स्वरलिपीसह छापून सर्वांस मोकळ्या केल्या. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत लिहिलेलें ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ सालीं रंगभूमीवर आलें, त्याच्या चालीही बुवांच्याच.

हिंदुस्थानांत १९०२ सालीं ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि गाणें प्रथमच विकत मिळूं लागलें. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गायन मावे. पण ती घेतली कीं घेणाराची होई. मुंबईच्या चाकरमान्यानें ती कोंकणांतल्या घरीं न्यावी, कोणत्याही फोनोवर चावी देऊन वाजवावी, शेजाऱ्यास उसनी द्यावी, मुलास वारशानें द्यावी. विकणाऱ्या कंपनीचा मनुष्य दारीं येऊन ती मुकी करूं शकत नसे. तबकडीची नक्कल घरीं करतां येत नव्हती, म्हणून निराळ्या कुलुपाची गरजही नव्हती.

कॅसेट आली तेव्हां नक्कल सोपी झाली. तथापि प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढे. संगणकानें गाण्यास आंकड्यांचें रूप दिलें आणि हजारावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ निघूं लागली. व्यापाऱ्यांस धडकी भरली, ती अगदींच अकारण नव्हती. एक प्रत विकली जावी व तिच्या लाख प्रती फुकट वांटल्या जाव्या, तर गवयानें, वादकानें, कवीनें पोट कसें भरावें?

यावर उपाय म्हणून डिजिटल कुलूप आलें. अॅपल कंपनीनें अमेरिकेंत २८ एप्रिल २००३ रोजीं संगणकावरील गाण्यांचें दुकान उघडलें. एका गाण्याचा दर ९९ सेंट होता. गाणें सांकेतिक रूपांत मिळे व त्याची किल्ली खरेदीदाराच्या खात्याशीं बांधलेली असे. ठराविक संख्येच्या संगणकांवरच तें वाजे. दुसऱ्या कंपनीच्या खिशांतल्या यंत्रावर वाजत नसे. या कुलुपाचें नांव ‘फेअरप्ले’.

२००४ सालीं त्याच नांवाची उलटापालट करून ‘प्लेफेअर’ नामक आज्ञावली निघाली. ती खरेदीदाराची स्वतःची किल्ली वापरून त्यानें घेतलेल्या गाण्याचें कुलूप काढी. अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें असें कुलूप तोडण्यास मनाई होती. अॅपलच्या नोटिशीनें तेथील संकेतस्थळावरून ती हटविली गेली. मग तिनें हिंदुस्थानांतील ‘सरोवर’ या संकेतस्थळावर आसरा घेतला. येथील १९५७ च्या कायद्यांत त्या वेळीं अशा कुलुपाविषयीं स्वतंत्र कलमच नव्हतें. तरी येथेंही नोटीस आली आणि ती काढून टाकावी लागली. पुढें ती निराळ्या नांवानें अवतरली. त्या नव्या अवतारांत कुलूप निघे, पण खरेदीदाराची ओळखखूण गाण्यांत तशीच राही. म्हणजे वापर मोकळा व्हावा, पण चोरी लपूं नये, असा तो मार्ग होता.

कुलुपाचा खरा दोष २००८ सालीं उघड झाला. मायक्रोसॉफ्टनें एप्रिलमध्यें आपल्या जुन्या गिऱ्हाइकांस कळविलें कीं, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठीं किल्ली मिळणार नाहीं. पैसे मोजून घेतलेलीं गाणीं जुन्या यंत्राबरोबर मुकीं होणार होतीं. ओरड झाल्यावर मुदत वाढली. ज्यांनीं गाणीं चोरलीं होतीं त्यांच्या प्रतींना मात्र कुलूपच नव्हतें. शिक्षा झाली ती प्रामाणिक गिऱ्हाइकास. व्यापाऱ्यांनाही हें उमगलें असावें; जानेवारी २००९ मध्यें अॅपलनें आपल्या दुकानांतलीं सर्व गाणीं कुलुपावांचून देण्याचें जाहीर केलें.

हिंदुस्थानच्या कायद्यांत २०१२ सालीं कलम ६५अ आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परंतु कायद्यानें स्पष्टपणें न निषिद्धिलेल्या कामासाठीं तें काढण्यास या कलमाची आडकाठी नाहीं. मात्र दुसऱ्यास त्या कामीं साहाय्य करणारानें त्याचें नांव, पत्ता व हेतु यांची नोंद ठेवली पाहिजे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं केलेला न्याय्य वापर कलम ५२ मान्य करतें. म्हणजे कायदा हात पाहत नाहीं, हेतु पाहतो.

आज पुष्कळ लोक गाणें विकत न घेतां मासिक वर्गणीनें ऐकतात. तें भाड्याचें घर. भाडें थांबलें कीं दार बंद. तेथें तक्रारीस जागा थोडी, कारण मालकी कोणी दिलीच नव्हती. परंतु विक्री म्हणून पैसे घ्यावे आणि किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीस ठेवावी, ही विक्री नव्हे. गाण्याची चोरी हा गवयावर अन्याय, आणि विकलेल्या गाण्यास कायमचें कुलूप हा श्रोत्यावर अन्याय. वझेबुवांनीं स्वकष्टाचें धन ग्रंथांत खुलें केलें, म्हणूनच तें त्यांच्यामागें उरलें.